चोवीस दाते

रुबार्बच्या वाफ्याला वळसा घालताना
इंजिन थांबलं.
चाकं गप्प, मोटर मात्र आत गुणगुणतच राहिली,
बस निघून गेल्यावरही
थांब्यावर उभं राहून घड्याळ बघणाऱ्या माणसासारखी.
(एकोणतीस वर्षं केम्निट्सला बस चालवली मी.
आरशात दिसणारा तो चेहरा मला पाठ आहे.)

पोट उघडलं. चार स्क्रू, त्यातला एक गंजका.
आत पांढरं प्लॅस्टिकचं चाक, चोवीस दात्यांचं,
आसापाशी केसाएवढी चीर
आणि ग्रीसमध्ये रुतलेले तीन दाते,
दुधाचे दात पडावेत तसे.

कारखाना कधीच बंद झाला.
भिंत पडली, पुढच्या वर्षी साचे भंगारात गेले.
तिथे आता गाद्या विकतात.
त्स्विकाऊचा दुकानदार म्हणाला, कपाटात ठेवा, शोभेल.
दुसऱ्या एकाने चाक पाठवलं, अगदी मनापासून,
पण पंचवीस दात्यांचं.
दातृत्व एकाने जास्त झालं
तरी गाडी अडते.

मग आनाबेर्गच्या शाळेत, व्यायामशाळेतल्या जुन्या बाजारात,
गंजलेले रूळ किलोवर विकणारा एक म्हातारा
पावतीच्या पाठीवर नंबर लिहून देत म्हणाला,
ओल्बर्नहाऊला एक बाई आहे. चाकांच्या टेबलावर बसायची.
चारनंतर फोन करा. कॉफीच्या आधी ती कुणाची नसते.

इर्मट्राउट झायफर्ट. वय शहाऐंशी.
मॉडेल विचारलं नाही, साल विचारलं नाही.
‘फोन त्याच्या पोटाशी धर,’ म्हणाली.
धरला.
‘आता उलटं चालव.’
चालवलं. गुडघ्यांखालचं गवत ओलं होतं.
पलीकडे इतका वेळ शांतता
की मला वाटलं, लाइन तुटली.
‘दुसरा आस,’ आवाज आला. ‘आणि एवढं तेल कोणी ओतलं?’
मी.
‘थेंबे थेंबे तळं साचतं, बाई.
चाकाला पोहता येत नाही.
टाचणीच्या टोकावर मावेल तेवढं, वर्षातून एकदा.’

आस ठोकू नकोस, ती म्हणाली.
केस वाळवायच्या यंत्राने ऊब दे, आपणहून सुटेल.
पातळ वॉशर बाहेर, जाड आत.
शुक्रवारी दुपारी आम्ही उलटे घालायचो,
डोळे थकलेले, दारात सायकली.
तुझे उलटे असतील तर ते इंजिन शुक्रवारचं.

उघडून पाहिलं.
शुक्रवारचंच.
चाळीस वर्षं ते माझ्याआधी कोणाकोणाच्या बागेत
कुणाच्यातरी घरी जायच्या घाईवर धावत होतं.

अकरा दिवसांनी खोकल्याच्या गोळ्यांची डबी आली.
कापसात पितळेचं चाक. मोजले. चोवीस.
सोबत चिठ्ठी, पेन्सिलीने:
नातू मारिएनबर्गला कवळ्या बनवतो.
रात्री त्याचं यंत्र रिकामं असतं.
त्याला म्हटलं, आणखी एका तोंडाचे दात कर,
जेवायला मागणार नाही.
पैसे पाठवू नकोस. चाललं की फोन कर.

चारनंतर केला.
फोन विटेवर ठेवला, रुळांपासून वीतभर अंतरावर.
इंजिन निघालं, रुबार्ब ओलांडला,
नळीच्या कौलांच्या बोगद्यात शिरलं.
‘कुठे गेलं?’
बोगद्यात.
‘बरं,’ ती म्हणाली, आणि थांबली,
मीही थांबले.
मधल्या साठ किलोमीटरमध्ये कुठेतरी
एखादी खरी गाडी धावत असेल, तिची चौकशी आम्ही केली नाही.

बाहेर आलं. पुढून गेलं. पुन्हा आलं.
मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल,
त्या टेबलाबद्दल, त्या सायकलींबद्दल.
‘तुझ्या रुळाचा तिसरा सांधा सैल आहे,’ ती म्हणाली,
‘टक् नाही, टकक् वाजतोय.’

स्क्रूड्रायव्हर आणायला उठले.
फोन चालूच ठेवला.